नाव आणि ढाल तपासताना: एससीएमधला माझा अनुभव

सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम, म्हणजे एससीए, ही १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झालेली संस्था. १६०० पूर्वीचे कपडे, स्वयंपाक, तलवारबाजी, हस्तकला हे सगळं जमेल तेवढं पुन्हा करून बघायचं, हा तिचा उद्योग. इथे सभासद त्या काळाला शोभेल असं नाव घेतो, स्वतःच्या ढालीवरचं चिन्ह ठरवतो आणि दोन्ही रीतसर नोंदवतो. अर्ज तपासणारे ते हेरल्ड. मी हे काम हौसेने करते. अर्ज परत का येतात आणि आम्ही नेमकं काय बघतो, हे मराठीत कुठे सापडत नाही म्हणून लिहिते आहे.

आधी अर्जाची वाट. तुमच्या गावच्या गटाचा हेरल्ड फॉर्म भरून घेतो आणि तो तुमच्या ‘किंगडम’च्या नोंदणी-हेरल्डकडे जातो. (अख्खं जग अशा किंगडम्समध्ये वाटलेलं आहे.) तिथून तो ‘ऑस्कर’ नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर चढतो आणि किंगडममधले हेरल्ड त्यावर अभिप्राय लिहितात. त्यातून पार पडला तर ‘लेटर ऑफ इंटेंट’मधून सगळ्या किंगडम्सच्या हेरल्डांपुढे जातो. शेवटचा शब्द नावाच्या बाबतीत ‘पेलिकन’चा आणि ढालीच्या बाबतीत ‘रेथ’चा. ही पदांची नावं आहेत आणि दोघांच्या वर ‘लॉरेल’. निकाल दरमहा निघणाऱ्या पत्रात येतो. सगळं सुरळीत झालं तरी सहा ते नऊ महिने सहज जातात, त्यामुळे पुढच्या महिन्यातल्या समारंभासाठी ढाल रंगवून ठेवायची घाई करू नये.

अर्ज उघडला की मी आधी फॉर्मवरच्या चौकोनांतल्या खुणा बघते. मोठे बदल चालतील का, किरकोळ बदल चालतील का, आणि अर्जदाराला सर्वात महत्त्वाचं काय आहे: उच्चार, स्पेलिंग, भाषा की संस्कृती. इथेच पुष्कळ अर्ज अडकतात. उत्साहाच्या भरात लोक ‘कोणताही बदल नको’ यावर खूण करतात. मग एखादीने नॉर्स नाव घेताना वडिलांचं नाव ब्योर्न म्हणून ‘ब्योर्नदोत्तिर’ लिहिलेलं असतं. जुन्या नॉर्सच्या व्याकरणात ते ‘ब्यार्नारदोत्तिर’ होतं. दोनचार अक्षरांची दुरुस्ती, पण बदलाची परवानगीच नाही, त्यामुळे अख्खं नाव परत. किरकोळ बदलांना तरी हो म्हणावं, एवढंच माझं सांगणं असतं.

नावाला निदान दोन भाग लागतात: स्वतःचं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं, गावाचं, धंद्याचं किंवा कुळाचं काहीतरी. प्रत्येक भागाला पुरावा हवा. तो कुठल्या कागदात आहे, कोणत्या सालचा, कोणतं पान, स्पेलिंग नेमकं काय. नियम १६०० पूर्वीचा आहे, पण १६५० पर्यंतचे दाखले धरले जातात, कारण १६३० साली बाप्तिस्म्याच्या नोंदीत आलेलं नाव त्याआधी एक पिढी चालू असणारच. बाळांची नावं आणि त्यांचे अर्थ सांगणाऱ्या साइट मी वाचतसुद्धा नाही, तिथे साल नसतंच. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवरच्या चर्चच्या नोंदी उपयोगी पडतात, मात्र सगळ्या नाहीत. लोकांनी आपापली वंशावळ म्हणून चढवलेलं चालत नाही. मूळ रजिस्टरवरून उतरवलेल्या नोंदीच चालतात, आणि त्या बॅच क्रमांकावरून ओळखता येतात. क्रमांक सी, जे, के किंवा पीने सुरू होत असेल तर ठीक. एमने सुरू होत असेल तरी चालतो, पण एम१७ आणि एम१८ चालत नाहीत. स्क्रीनशॉटमध्ये हा क्रमांक दिसलाच पाहिजे. तो कापलेला स्क्रीनशॉट आला की चार जण तेच शोधत बसतात.

दोन भाग दोन वेगळ्या ठिकाणचे असले तर सालांचा हिशोब येतो. एकाच भाषिक प्रदेशातले दोन भाग एकमेकांपासून ५०० वर्षांच्या आत हवेत. वेगळ्या प्रदेशांतले असतील आणि त्या दोन प्रदेशांचा संपर्क नियमावलीने मान्य केलेला असेल, तर ३०० वर्षांच्या आत. ही नियमावली म्हणजे ‘सेना’ (स्टँडर्ड्स फॉर इव्हॅल्युएशन ऑफ नेम्स अँड आर्मोरी), २०१२ साली मंजूर झालेली. तिच्या परिशिष्टात कोणत्या प्रदेशाशी कोणता जुळतो याचा तक्ता आहे, आणि तपासणारे बहुतेक वेळ त्यातच घालवतात.

मराठी मंडळी आली की पहिली मागणी शिवकालाची. शिवाजी महाराजांचा जन्मच १६३० चा, स्वराज्याचा बहुतेक कारभार १६५० नंतरचा, म्हणजे आपल्याला आवडतो तो काळ या संस्थेच्या चौकटीबाहेर पडतो. त्यापेक्षा एक पिढी मागे जावं. अहमदनगरच्या निजामशाहीत चाकरी करणारे मालोजी भोसले सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि त्या काळच्या दख्खनी सरदार घराण्यांची नावं कागदोपत्री सापडतात. अख्खं नाव उचलू नये, कारण इतिहासातल्या महत्त्वाच्या व्यक्तीचं नाव राखीव धरलं जाऊ शकतं. एका माणसाचं नाव, दुसऱ्याचं आडनाव, दोन्हींचे दाखले वेगळे, असं केलं की प्रश्न राहत नाही. ‘राजे’, ‘सरदार’ अशी पदवी नावात घालू नये. पदव्या संस्थेतच मिळवाव्या लागतात, नावातून त्यांचा दावा चालत नाही.

यादवकाळाकडे गेलं तर लीळाचरित्र हा खजिना आहे. महादाइसा, बाइसा, उमाइसा, नागदेव, सारंगपंडित अशी साध्या माणसांची आणि मुख्य म्हणजे बायकांची नावं त्यात आहेत. राजघराण्यांच्या ताम्रपटांत बायकांची नावं इतकी कुठे मिळतात? अडचणी दोन. ग्रंथ तेराव्या शतकाच्या शेवटचा असला तरी हाती असलेल्या पोथ्या नंतरच्या आहेत, तेव्हा संपादकाने पाठाविषयी काय म्हटलं आहे ते पान जोडावं, नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येतो. दुसरी अडचण अशी की बायकांचा उल्लेख बहुतेक एकेरी नावाने आहे, त्यामुळे दुसरा भाग दुसरीकडून आणावा लागतो. तिथे संतांची नावं वाट दाखवतात: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार. नावापुढे धंदा, ही रचना एकदा सिद्ध झाली की त्या साच्यात दुसरं नाव बसवता येतं. रचना नवीन असली की मी निदान तीन स्वतंत्र दाखले मागते. अभंगांच्या वह्याही पुष्कळ उशिराच्या आहेत, म्हणून एखाद्या शिलालेखाचा आधार मिळाला तर बाजू भक्कम होते.

सोबत काय जोडायचं? पुस्तकाचं शीर्षकपान, त्या नावाचं पान, आणि त्या ओळीचं इंग्रजी भाषांतर. तपासणाऱ्यांत मराठी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसतात. नोंद रोमन लिपीत होते, म्हणून लिप्यंतराची एकच पद्धत पूर्ण नावाला लावावी. दीर्घ स्वरांवर रेघा द्यायच्या तर सगळीकडे द्याव्यात, नाहीतर कुठेच नको. ‘नागदेव’च्या शेवटी रोमन ‘ए’ लिहिला आणि ‘कुंभार’च्या शेवटी नाही लिहिला, तर अर्धं नाव संस्कृत पद्धतीने आणि अर्धं मराठी पद्धतीने झालं.

ज्यांना हे सगळं नको त्यांच्यासाठी एक सवलत आहे: आपल्या कायदेशीर नावाचा एक भाग वापरता येतो. तो आधुनिक असला तरी हरकत नाही, आणि सालांच्या हिशोबातही तो आडवा येत नाही. अट एवढीच की नाव हे नावाच्याच जागी, आडनाव आडनावाच्याच जागी, आणि स्पेलिंग ओळखपत्रावरचंच. पूर्ण कायदेशीर नाव जसंच्या तसं मात्र नोंदवता येत नाही.

यानंतर आधी नोंदलेल्या नावांशी गाठ पडते का ते बघायचं. फरक ऐकूही आला पाहिजे आणि दिसलाही पाहिजे. ‘कॅथरिन’ सीने लिहिलं काय आणि केने लिहिलं काय, तो फरक धरत नाहीत.

आता ढाल. ढालीचं ब्लेझन, म्हणजे ठराविक शब्दांतलं वर्णन, हे चित्राइतकंच महत्त्वाचं. उदाहरणाला हिरव्या ढालीवर सोनेरी हत्ती घेऊ: ‘व्हर्ट, ॲन एलिफंट ऑर’. हत्ती युरोपच्या ढालींवरही होता; हेल्फेनश्टाइन या जर्मन घराण्याचं चिन्ह हत्तीच. सोनं आणि चांदी हे धातू, तर निळा, लाल, काळा, हिरवा आणि जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. सोनेरी हत्ती हिरव्यावर म्हणजे ठीक. निळा हत्ती हिरव्यावर म्हणजे तिथेच परत.

हत्तीचं तोंड कुठे आहे ते मी लगेच बघते. काही लिहिलं नसेल तर प्राणी डेक्स्टरकडे, म्हणजे ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे, बघणाऱ्याच्या डावीकडे तोंड करून असतो. इंटरनेटवरून घेतलेली निम्मी चित्रं उलट्या बाजूला बघणारी असतात, आणि मग चित्र एक सांगतं, वर्णन दुसरं.

मग मोजणी. जवळपासच्या प्रत्येक नोंदलेल्या ढालीपासून दोन ठळक फरक लागतात. आम्ही त्यांना डीसी म्हणतो. समजा ‘व्हर्ट, ॲन एलिफंट आर्जंट’, म्हणजे हिरव्यावर पांढरा हत्ती, आधीच कोणाचा आहे. हत्तीच्या रंगाचा एक डीसी, बाकी सगळं तेच, म्हणजे अडकलं. हत्तीचं तोंड फिरवलं तर दुसरा डीसी मिळतो. भोवती सोनेरी काठ, म्हणजे बोर्ड्युअर, दिला तरी मिळतो. नुसती मान मागे वळवली तर काही मिळत नाही. आणि त्या आधीच्या ढालीवर हत्तीऐवजी पांढरा घोडा असता तर मोजायचीच गरज नव्हती, कारण मुख्य चिन्हाचा प्रकार पार बदलला की तेवढं एक पुरतं.

शोध ‘ऑर्डिनरी अँड आर्मोरियल’ या नोंदींच्या भांडारात घ्यायचा. तिथल्या कॉम्प्लेक्स सर्च फॉर्ममध्ये प्रत्येक वैशिष्ट्य वेगळं भरून त्याला वजन देता येतं. मी हत्ती, मुख्य चिन्ह, संख्या एक, सोनेरी, आणि हिरवी ढाल अशा ओळी भरते. पूर्ण गुण मिळालेल्या ढाली आधी वाचायच्या, मग एक-दोन गुण कमी असलेल्या. नवखे फक्त पहिल्या पाच वाचतात. खरी अडचण बहुधा एक गुण खालीच सापडते, कारण दोन डीसी मागताना एक फरक असलेल्या ढाली तिथेच जमलेल्या असतात.

गुंतागुंतीलाही मर्यादा आहे: रंगांची संख्या आणि चिन्हांच्या प्रकारांची संख्या मिळवून आठच्या आत ठेवावी. हिरवी ढाल, सोनेरी हत्ती, सोनेरी काठ: दोन रंग, दोन प्रकार, बेरीज चार. त्यावर चांदीची अंबारी, लाल झूल, काठावर निळी कमळं आणि पाठीवर तलवार असं करत गेलं की आकडा कधी नऊवर जातो ते कळत नाही. मी चित्र लहान करून, टपाल तिकिटाएवढं, दूरून बघते. हत्ती आहे हे तेव्हाही कळलं पाहिजे.

भगवा मागणारे पुष्कळ. भगवा किंवा नारिंगी हा इथल्या रंगांत नाहीच. एक तर सोनेरी घ्या, नाहीतर लाल. मधलं काही रंगवलं तर कोणता रंग हेच न ठरल्यामुळे ढाल परत येते. तलवार ‘प्रॉपर’, म्हणजे तिच्या नेहमीच्या रंगात, लिहिली की पातं पांढरं आणि मूठ सोनेरी धरतात, म्हणून ती पांढऱ्या ढालीवर टाकू नये. स्वस्तिक तर सरसकट बंद आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ काय, हा युक्तिवाद कितीही खरा असला तरी तिथे चालत नाही. नियम बघणाऱ्यांच्या भावनेवर बेतलेला आहे, आणि मला तो पटतो.

फॉर्म रंगवायला साधे जाड मार्कर घ्यावेत. रंगीत पेन्सिल स्कॅनमध्ये फिकी पडते, सोनेरीचा पिवळा पांढऱ्यासारखा दिसतो. प्रिंटरचा जांभळा निळ्याकडे झुकतो आणि मग ढाल निळी की जांभळी यावर दहा जण वाद घालतात.

अभिप्राय लिहिताना ‘कॉन्फ्लिक्ट (फार जवळची आधीची नोंद) सापडला नाही’ एवढंच लिहिणं फुकट. काय शोधलं, कुठल्या ओळी भरल्या, सगळ्यात जवळची ढाल कोणती निघाली आणि तिच्याशी मोजणी किती आली, हे लिहिलं तर निर्णय देणाऱ्याला पुन्हा शोधावं लागत नाही. अडचण सापडली तर त्या ढालीचं ब्लेझन, मालकाचं नोंदलेलं नाव आणि नोंदीचा महिना द्यावा. नावात हेरल्ड किरकोळ दुरुस्ती करू शकतो, ढालीत मात्र नाही. काठ जोडायचा तर अर्जदाराने नवं चित्र द्यायला हवं. म्हणून ढालीची अडचण पहिल्या आठवड्यातच लिहिणं बरं.

निकाल तीन प्रकारचे: नोंद, परत, किंवा पुढच्या चर्चेसाठी राखून. नाव परत गेलं पण ढाल ठीक असेल, तर ढाल वाया जात नाही. अर्जदाराला तात्पुरतं ‘होल्डिंग नेम’ देऊन त्याखाली ती नोंदवतात. जवळच्या ढालीमुळे अडलं असेल आणि निदान एक डीसी असेल, तर त्या ढालीच्या मालकाचं परवानगीचं पत्र मिळवता येतं. ते सहीनिशी, दोन्ही ब्लेझन्स लिहून मागावं. पुष्कळजण आनंदाने देतात.

नोंद झाल्यावर भांडारात स्वतःचं नाव टाकून ब्लेझन एकदा वाचावं. निर्णयाच्या वेळी ते बऱ्याचदा सुधारून लिहिलेलं असतं आणि क्वचित एखादा शब्द गळलेला असतो. तसं दिसलं तर निकालपत्राचा महिना आणि आपला मूळ फॉर्म घेऊन किंगडमच्या हेरल्डला कळवायचं. दुरुस्ती एका वेगळ्या शुद्धिपत्रातून होते.