गॅलरीतली पंचिंग बॅग आम्ही का उतरवली

गेल्या वर्षी जूनमध्ये, थोरला मुलगा आठवीत गेला तेव्हा, आम्ही गॅलरीत एक पंचिंग बॅग टांगली. सहावीपासून त्याचा राग वाढतच चालला होता. दार आपटणे, ताट सरकवून उठणे, साध्या प्रश्नालाही फणकाऱ्याने उत्तर देणे हे रोजचे झाले होते. मुलाच्या रागाला वाट करून द्या, आत कोंडला तर एक दिवस स्फोट होईल, असे ज्यांनी आम्हाला सांगितले त्या सर्वांना आमच्याविषयी मनापासून काळजी होती. मलाही ते पटले, कारण राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिटी झाली की मोकळी होणार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो.

प्रत्यक्षात तो गॅलरीतून आत येई तेव्हा गेला होता त्याहून जास्त तापलेला असे. एकदा धाकटीने त्याच्या विज्ञानाच्या वहीवर स्केचपेनने फुले काढली. तो दात-ओठ खात गॅलरीत गेला, पंधरा मिनिटे त्या बॅगेवर ठोसे मारत राहिला आणि आत आला तो थेट तिची पत्र्याची कंपासपेटी भिंतीवर भिरकावूनच. झाकण वाकले, पेन्सिली घरभर झाल्या. धाकटी रडली नाही. ती पलंगाखाली जाऊन बसली आणि तिला बाहेर काढायला मला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात, फरशीवर आडवी पडून तिच्याशी बोलताना, मला पहिल्यांदा शंका आली की आपण मुलाला राग सोडायला नव्हे, तर रागाचा सराव करायला शिकवत आहोत.

नंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले आणि ती शंका खरी ठरली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवण्यात आले. मग काहींना चिडवणाऱ्या माणसाला मनात आणून पंचिंग बॅगेवर ठोसे मारायला सांगितले, काहींना केवळ व्यायाम म्हणून मारायला सांगितले, आणि काहींना नुसते बसवून ठेवले. ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले, आणि जे काहीही न करता बसून होते तेच सर्वांत कमी आक्रमक निघाले. पुढे २०२४ मध्ये बुशमन आणि त्यांच्या सहकारी सोफी क्यार्विक यांनी १५४ अभ्यासांचा, म्हणजे दहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला. संथ श्वसन, ध्यान, शरीर सैल सोडणे यांसारख्या शरीराला निवांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, आणि शरीर आणखी चेतवणाऱ्या गोष्टींचा एकंदरीत उपयोग होत नाही, असे त्यातून दिसले. मैदानी खेळ मुलांना हवेतच, त्याची कारणे शंभर आहेत. पण ऐन रागाच्या क्षणी मुलाला ‘जा, पळून ये’ म्हणणे हा उतारा नव्हे.

यामागचे कारण समजले की पालक म्हणून आपले वागणेही बदलते. मूल चिडते तेव्हा त्याच्या शरीरात ॲड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हाताच्या मुठी वळतात. मेंदूचा जो पुढचा भाग विचार करतो, परिणाम तोलतो, स्वतःला आवरतो, तो वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाकडे इंजिन मोठ्या माणसाचे असते आणि ब्रेक अजून बसवले जात असतात. अशा वेळी ‘असे का वागलास, आत्ताच्या आत्ता सांग’ असा जाब विचारून आपण नेमक्या त्याच भागाकडून उत्तर मागतो, जो त्या घटकेला जवळजवळ बंद असतो. उत्तर येत नाही, आपला पारा चढतो, आणि आता घरात तापलेली माणसे दोन होतात.

म्हणून आम्ही क्रम बदलला: आधी शरीर थंड होऊ द्यायचे, बोलणे नंतर. धाकटीला मी रात्री झोपताना, ती अगदी आनंदात असताना, पोटावर रिकामी वाटी ठेवून श्वास घ्यायला शिकवले. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, आणि वाटी पडता कामा नये. शांत असताना शिकलेले तेवढेच रागात आठवते, हे मला तिच्याकडूनच कळले. भर रागात ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले तर ती आणखी किंचाळत असे. थोरल्याला वाटीचा प्रकार बालिश वाटला आणि ‘आई, मला योगासनं नको शिकवूस’ असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच्याशी वेगळा करार झाला. टेबलावर हात उताणा ठेवला की त्याचा अर्थ ‘नंतर’. मग कोणी त्याच्या मागे जायचे नाही, शेवटचे वाक्य ऐकवायचे नाही. मात्र वीस मिनिटांनी त्याने परत यायचे आणि विषय पुरा करायचा. परत येण्याची अट महत्त्वाची आहे, नाहीतर शांत होण्याच्या नावाखाली अबोला सुरू होतो.

या करारातला सर्वांत अवघड भाग माझ्या आणि त्याच्या बाबांच्या वाट्याला आला. दारात उभे राहून, वरून खाली बघत मी ‘आवाज खाली कर’ म्हणते तेव्हा माझा आवाज कुठल्या पट्टीत असतो, हे मी त्याआधी कधी ऐकलेच नव्हते. आता मी शक्यतो खाली बसते, हळू बोलते, आणि मला जमत नसेल तर मीच टेबलावर हात उताणा ठेवते.

शांत राहणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हेही आम्ही ठेच लागून शिकलो. मोबाईल रात्री साडेनऊला बंद हा नियम होता, पण त्याने आकांडतांडव केले की घरात शांतता हवी म्हणून आम्ही दहा मिनिटे वाढवून देत असू. जेराल्ड पॅटरसन या संशोधकाने अनेक वर्षे कुटुंबांच्या घरातील वागण्याचे निरीक्षण करून हे चक्र मांडले आहे: मूल ओरडते, पालक माघार घेतात, ओरडणे थांबते, आणि त्यातून दोघेही चुकीचा धडा शिकतात. आता साडेनऊ म्हणजे साडेनऊ. चिडायला परवानगी आहे, मारायला आणि वस्तू फोडायला नाही, आणि नियम ओरडण्याने हलत नाही. पाठीत धपाटा घालून हे शिकवता येते असे ज्यांना वाटते त्यांना मी एवढेच विचारेन की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जे शाळेत करायला बंदी घातली आहे ते घरात चालते असे आपण कशाच्या आधारावर मानतो?

सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर शब्दांचा. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की भावनेला नाव दिले की मेंदूतील अमिग्डला या, धोका हेरणाऱ्या भागाची खळबळ कमी होते. आपल्या भाषेत तर अशा नावांची केवढी श्रीमंती आहे! वैताग वेगळा, चीड वेगळी, संताप वेगळा. रुसवा आपल्या माणसावरच असतो. हिरमोड होतो तेव्हा रागाच्या आत अपेक्षा मोडलेली असते. आम्ही जेवताना हे शब्द मुद्दाम वापरू लागलो. पाऊस आला म्हणून बागेत जाणे रद्द झाले तेव्हा सात वर्षांची धाकटी भोकाड न पसरता म्हणाली, ‘माझा हिरमोड झालाय.’ आणि थोरल्याने, आठवडाभर घरात धुसफुसल्यावर, गच्चीच्या जिन्यात बसून मला सांगितले की शाळेच्या क्रिकेट संघाची नावे वाचताना सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याचे नाव आलेच नाही. ‘मला राग नाही आला आई, लाज वाटली.’ मी तो आठवडाभर रागाशी भांडत होते. लाजेला जवळ घ्यायचे असते.

मुलगे लाज आणि दुःख रागाच्या आड लपवतात, कारण रडणारा मुलगा आपल्याला चालत नाही. मुलींच्या बाबतीत उलटे: ‘मुलीच्या जातीला इतका राग शोभत नाही’ हे वाक्य माझ्या आजीने मला ऐकवले होते, आणि ते माझ्या मुलीपर्यंत पोहोचू नये असे मला फार वाटते.

भूक आणि झोप यांविषयी थोडक्यात सांगते. क्लासहून आल्या आल्या गृहपाठाचा विषय काढण्याआधी पोळीचा लाडू पुढे ठेवला तर अर्धी भांडणे होतच नाहीत. किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात झोप येण्याची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले ते योग्यच झाले. आठवी-नववीच्या मुलांचाही असाच विचार व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

काही राग मात्र घरच्या घरी हाताळायचा नसतो. मुलांमधले नैराश्य अनेकदा उदासीसारखे दिसतच नाही, ते सततच्या चिडचिडीसारखे दिसते. काही आठवडे चिडचिड थांबत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, मित्र तुटले असतील, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर तज्ज्ञांकडे जायला एक दिवसही उशीर करू नये. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. मूल स्वतःच कोणाच्या मारहाणीला किंवा छळाला तोंड देत असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

पंचिंग बॅग आम्ही दिवाळीच्या आवराआवरीत उतरवली. त्याच रविवारी थोरला पक्कड घेऊन धाकटीच्या कंपासपेटीजवळ बसला. ‘तिची माफी माग’ असे आम्ही त्याला तेव्हा दहादा सांगितले होते आणि त्याने ती दहादा भिंतीकडे बघत मागितली होती. या वेळी कोणी काही सांगितले नव्हते. तासभर खटपट करून त्याने झाकण बऱ्यापैकी सरळ केले. ते अजून एका कोपऱ्यावर दाबल्याशिवाय लागत नाही. कुठला कोपरा दाबायचा, ते धाकटीला बरोबर माहीत आहे.