टाच दुखायला लागली आणि घरातल्या तिघींच्या चपला बदलल्या

नागपुरात मार्च संपता संपता बंद बूट घालायची सोय उरत नाही. मोजे दुपारपर्यंत ओलेचिंब होतात आणि पाय आतल्या आत उकडतात. मी शाळेत शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं, व्हरांड्यातून फेऱ्या मारायच्या, जिने चढायचे-उतरायचे. हिवाळाभर स्पोर्ट्स शूजवर निभावलं. एप्रिलमध्ये नेहमीच्या पातळ, सपाट सँडलवर आले आणि उजवी टाच बोलायला लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की अशी कळ यायची की भिंत धरावी लागे. थोडं चाललं की कमी व्हायची, शाळेतून घरी येईपर्यंत पुन्हा हजर.

हाडांच्या डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, मी ओरडले आणि निदान झालं: प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. तो टाचेपाशी दुखावलेला असतो. रात्रभर आखडून राहतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ सगळ्यात वाईट. मग त्यांनी मला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. एरवी जमिनीला टेकणारी माझ्या तळव्याची कमान चवड्यांवर उभं राहताच दिसू लागली. म्हणजे पाय सपाट, पण लवचीक. ‘दुखत नसतं तर याला काहीच करायला नको होतं,’ असं डॉक्टर म्हणाले. औषध थोडं, सूचना जास्त: पोटऱ्यांचे ताणाचे व्यायाम, घरातसुद्धा फरशीवर अनवाणी चालायचं नाही आणि ही चप्पल बदला. कोणती घेऊ, असं विचारलं तर म्हणाले, ‘मागे पट्टा हवा, टाच खोलगट बसायला हवी आणि सोल मधोमध वळायला नको.’ एवढ्यात पुढचा पेशंट आत आला होता.

घरी आल्यावर आंघोळीनंतर ओला पाय जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पाहिला. अख्खा तळवा उमटला, मधे कुठे कोरडी जागाच नाही. ताईला दाखवलं तर ती हसली आणि कपाटातून आपलं गृहप्रवेशाचं कापड काढून आणलं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून उमटवलेली पावलं, इतक्या वर्षांनी तपकिरी पडलेली. टाच वेगळी, चवडा वेगळा आणि दोघांना जोडणारी बाहेरच्या कडेने एक बारीक रेघ. सगळ्यांनी तेव्हा किती कौतुक केलं होतं त्या पावलांचं! मात्र कमान इतकी उंच असली की शरीराचं सगळं वजन टाच आणि चवडा यांच्यावरच येतं. ताईला करंगळीच्या बाजूला घट्टे आहेत, चवडा जळजळतो आणि घोटा अधूनमधून बाहेरच्या बाजूला मुरगळतो. या सगळ्याचा त्या रेघेशी संबंध असेल हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सख्ख्या बहिणी, चपलेचा नंबरही एकच, कॉलेजात असताना एकमेकींच्या चपला घालून फिरलो. आता मात्र ठरलं की खरेदीला दोघी जायचं आणि जोड वेगवेगळे घ्यायचे.

बर्डीच्या बाजारात गेलो ते संध्याकाळी. उन्हामुळे तर खरंच, पण पाय दिवसभरात सुजतात, उन्हाळ्यात जास्तच, आणि सकाळी नेमकी बसलेली सँडल संध्याकाळी पट्ट्याखाली वळ उठवते. बरोबर एक कागद नेला होता. जाड कागदावर उभं राहून, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढली होती. बसून काढली तर पाऊल लहान येतं, कारण वजन पडल्यावर ते पसरतं. शिवाय माझं डावं पाऊल उजव्यापेक्षा जरा मोठं निघालं. असं बहुतेकांचं असतं. माप मोठ्या पायाचं धरायचं. दुकानात सँडल या कागदावर ठेवली की काम सोपं होतं. सोल जिथे रेषेच्या आत जातो तिथे बोट किंवा टाच बाहेर लोंबणार, मग पायात घालून बघायचीही गरज नाही.

दुकानात ‘आरामदायक दाखवा’ म्हटलं की सेल्समन पहिल्यांदा काय करतो? अंगठ्याने इन्सोल दाबून दाखवतो. ‘बघा ताई, किती सॉफ्ट!’ आणि खरंच छान वाटतं, पाय ठेवल्यावर तर अगदी गादीवर ठेवल्यासारखं. माझ्यासारख्या पायाचा घात तिथेच होतो. मऊ फोम वजनाखाली दबतो, कमान त्याच्याबरोबर खाली बसते, घोटा आत झुकतो आणि तळव्याचा तो पट्टा पुन्हा ताणला जातो. मी सँडल हातात घेऊन दोन गोष्टी करायला लागले. पुढचं टोक आणि टाच धरून वाकवायची: जिथे पायाची बोटं वाकतात तिथेच ती वाकली पाहिजे, मधोमध घडी पडली तर परत ठेवायची. मग ओलं फडकं पिळतात तशी पिळून पाहायची: सहज पीळ बसला तर तीही परत. सेल्समन हे सगळं माल खराब होईल या भीतीने बघत होता. रॅकवरच्या बहुतेक जोड्या इथेच गळाल्या, त्यात चांगल्या महागड्याही होत्या.

तळव्याच्या आतल्या बाजूला दिलेला उंचवटा हा आणखी एक फसवा भाग. तो असला म्हणजे झालं असं नाही, आपल्या कमानीखाली आला पाहिजे. एका सँडलमध्ये तो इतका पुढे होता की चवड्यात गोटी ठेवल्यासारखं टोचत होतं, आणि सेल्समन म्हणे सवय होईल. सवय पट्ट्याची होते, चुकीच्या जागी असलेल्या उंचवट्याची होत नाही. शेवटी माझ्यासाठी मिळाली ती कॉर्कच्या तळाची: टाचेला खोल वाटी, कमानीखाली घट्ट आधार, मागे पट्टा आणि वर दोन बकल. दिसायला जाडजूड, साडीवर शोभत नाही, किंमत नेहमीच्या तिप्पट. पहिले काही दिवस ती मला कडक लागली. रोज थोडा थोडा वेळ घालून वाढवत नेली. कॉर्क हळूहळू पावलाचा आकार घेतो.

ताईला हीच सँडल घालून पाहिली तर तिचा पाय तळाला नीट टेकेना, कमान वरच अधांतरी. तिला हवी होती गादी, पण तळव्याच्या उंचवट्याला जाऊन भिडणारी, म्हणजे वजन मधल्या भागावरही पडेल. सोल खालून रुंद हवा, घोटा मुरगळू नये म्हणून. आणि तिचा पाय वरून उंच असल्यामुळे तयार शिवलेला एकच पट्टा तिच्या पायावर रुततो, सैल करता येणारा वेल्क्रो तिला बरा पडतो. दुसऱ्या दुकानात जाड ईव्हीए, म्हणजे हलक्या फोमच्या, सोलची मिळाली, पुढून मागे अगदी किंचित चढ असलेली. दोन-तीन सेंटिमीटरच्या टाचेला हरकत नाही. त्याहून उंच टाच ताईने घालूच नये, तिच्या चवड्यावर आधीच भार कमी नाही.

नंबरांचा घोळ मात्र दोघींचा सारखाच. एका दुकानात मी पाच, दुसऱ्यात सहा, ऑनलाइन मागवलेल्या जोडीवर 38. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर आणि युरोपियन मापात पावणेसात, त्यामुळे तक्ते एकमेकांवर नेमके बसत नाहीत. आपल्याकडे बायकांच्या सँडलमध्ये अर्धा नंबर क्वचितच मिळतो. शिवाय ही मापं आपल्या पायांवरून घेतलेलीच नाहीत. आपले पाय पुढून रुंद असतात, म्हणून रुंदीसाठी आपण एक नंबर मोठा घेतो आणि मग टाच मागे सरकत राहते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पावलं मोजून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली आहे. ती दुकानापर्यंत येईल तेव्हा येवो, तोपर्यंत माझा कागद पर्समध्ये आहे.

खरी कसोटी आईची होती. तिला मधुमेह आहे, बरीच वर्षं. त्यात दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं, अंगठे शेजारच्या बोटांवर झुकलेले. ती वापरायची अंगठ्याची रबरी चप्पल, बाजारातली सगळ्यात मऊ. ती पायात टिकवायला प्रत्येक पावलाला बोटं आवळून धरावी लागतात आणि दोन बोटांमधली दांडी नेमकी नाजूक कातडीवर घासते. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेली, त्यामुळे आईला ते घासणं जाणवत नव्हतं, हीच काळजीची गोष्ट. डॉक्टरांनी नायलॉनच्या एका बारीक तारेने तिच्या तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श केला. डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं, इतकी सोपी परीक्षा. चवड्याच्या दोन जागी तार टेकून वाकली तरी आई गप्प बसून होती. मला तिथे घाम फुटला.

तयार सँडल तिला बसेचना. पुढून रुंद घेतली की टाच सैल, टाच बरोबर आली की बाहेर आलेल्या हाडावर शिवण. शेवटी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मधुमेहींच्या चपला करून देणाऱ्या कारागिराकडे गेलो. छोटीशी जागा, सोल्युशनचा वास, भिंतीला टांगलेले लाकडी साचे. काकांनी आईला उभं करून माप घेतलं, हाडाच्या जागी कागदावर फुली मारली. आत मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर, बोटाने दाबलं की दबतं आणि सोडलं की लगेच वर येतं. खाली मात्र टणक सोल, काटा किंवा खिळा आरपार जाऊ नये म्हणून. वर तीन रुंद पट्टे, आतून मऊ अस्तर, तिन्हींना वेल्क्रो, मागेही पट्टा. फुलीच्या जागेवर ना शिवण, ना पट्ट्याची कड. तळ ठोकून बसवलेला नाही, चिकटवलेला, कारण खिळा वर आला तर या पायाला कळणारच नाही.

चप्पल तयार झाली, आईने पाहिली आणि म्हणाली, ‘ही तर दवाखान्यातली वाटते. मी नाही घालणार लग्नात.’

‘आजी, रंग सांगा, पट्टे बदलून देतो,’ काका म्हणाले. काळ्याचे मरून झाले, त्यावर ताईने बारीक सोनेरी गोट लावून घेतला आणि मग आईला ती आवडली. आता ती रोज चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते पाहते आणि रात्री आरशात तळवे तपासते. टेकडी गणपतीला गेली की बाहेर चप्पल काढून जाड सुती मोजे चढवते. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर आपल्याला चटका बसतो म्हणून आपण उड्या मारत जातो, तिला फोड आल्यावर कळेल. एमसीआर वापराने दबून सपाट होतं, तेव्हा नवं बसवायला लागतं. काकांनी मापाचा कागद नाव घालून ठेवून घेतला आहे.

कपाट आवरताना जुन्या सँडल काढल्या तर एकीचा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचा, सोल हातातच भुगा झाला, जेमतेम वापरलेली होती. पीयू हवेतल्या ओलाव्याने आतून सडतं, जपून ठेवलेली जोडी आधी जाते. ईव्हीएची तऱ्हा वेगळी. ताईने तिची नवी सँडल दुपारी बंद कारमध्ये ठेवली असती तर आकसून नंबराने लहान झाली असती, वेळेवर आठवलं. कोल्हापुरी मी टाकलेली नाही. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ती चप्पल सपाट आणि कडक आहे, माझ्या कमानीला आधार शून्य. पण हळदीकुंकवाला तासभर चालते, शाळेत नाही.

टाच आता पुष्कळ बरी आहे. श्रेय एकट्या सँडलला देता येत नाही, पोटरीचे व्यायामही चालू आहेत आणि घरात वेगळी स्लिपर आहे. जून मध्यावर पाऊस आला की कॉर्क आणि चामडं दोन्ही कपाटात जाणार, मग धुता येणारी, न घसरणारी, तरीही मधोमध न वळणारी जोडी शोधायची. ताईने आधीच सांगून ठेवलंय की त्या खरेदीला ती येणार नाही, मी दुकानात सगळ्या सँडल पिळत बसते म्हणून तिला लाज वाटते.