मसूर, पण सर्टिफिकेटवाली

फ्रान्समध्ये ल्यॉनला आल्यावर पहिलं वर्षभर मी इथल्या ‘लाँतीय’ म्हणजे आपल्या सगळ्या डाळी, असंच धरून चालले होते. लाँतीय म्हणजे फक्त मसूर! सुपरमार्केटच्या फळीवर हिरवी, फिकी, काळी, नारिंगी अशी रांग लागलेली, आणि सगळी मसूरच. तूर हवी तर मेट्रो बदलून तमिळ दुकान गाठायचं.

त्यातही प्वी या गावाच्या हिरव्या मसुरीचा तोरा वेगळा. काळपट हिरवा बारीक दाणा, त्यावर निळसर ठिपके. ओत-लुआर भागातल्या ज्वालामुखीच्या मातीत, ठरलेल्या गावांतच पिकली तर तिला ते नाव. हद्दीबाहेर तेच बियाणं पेरलं तरी नाव लावता येत नाही. 1996 पासून हा नियम आहे. आपल्याकडे जिला नैवेद्यातही घेत नाहीत, त्या मसुरीसाठी!

मी ती कुकरला लावली. तीन शिट्ट्या. खालच्या मजल्यावरच्या आजी काळजीने वर आल्या, काय फुटलं म्हणून. झाकण उघडून दाखवलं तर त्यांचा चेहरा असा झाला, की मी जणू पैठणी वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती. भिजवायची नाही, थंड पाण्यात टाकून मंद आचेवर पंचवीस मिनिटं, मीठ शेवटी. दाणा अख्खा राहिला पाहिजे. आता आमच्याकडे दाणा अख्खा राहिला तर डाळ कच्ची राहिली म्हणतात, हे फ्रेंचमध्ये कसं सांगणार?

मग मीही ऐकवलं. नवापूरच्या तूरडाळीला, लातूरच्या बोरसुरी डाळीला आमच्याकडेही भौगोलिक मानांकन आहे म्हटलं. आजींनी सरळ विचारलं, “दोघींच्या चवीत फरक काय?” मी गप्प. दोन्ही कधी खाल्ल्याच नव्हत्या. डाळ वाण्याकडून यायची, तिचं गाव कोण विचारतंय!

पुढच्या खेपेला आजींच्या पद्धतीने शिजवून वर कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं. इस्लामपूरकडच्या ढाब्यावरच्या अख्ख्या मसुरीची सर नाही, पण दाणा दाताखाली छान लागतो. कबूल.

खरी कबुली पुढे आहे. रोजच्या वरणाला मी आता नारिंगी मसूर डाळ वापरते. पंधरा मिनिटांत साध्या पातेल्यात गळते, शिजल्यावर पिवळी होते, वर हिंग, हळद, गुळाचा खडा. नोकरी करून तुरीसाठी शहर ओलांडायचं म्हणजे अख्खा शनिवार जातो. नवऱ्याला अजून कळलेलं नाही, किंवा कळून तो गप्प आहे.

गणपतीत मात्र तूरच आणते. यंदा नेमकी आदल्या दिवशी संपली. व्हिडिओ कॉलवर आईला पान दाखवलं. वरणभाताची मूद, तूप, लिंबू, सगळं जागच्या जागी.

“छान गं,” आई म्हणाली. “पण मघापासून कुकरची शिट्टी नाही ऐकू आली.”

“इकडची डाळ लवकर शिजते,” मी म्हटलं, आणि फोन बाप्पाकडे वळवला.