अमेरिकेत फ्रॅटर्निटी जॉइन केली: अल्फा फाय ओमेगाचं प्लेजिंग, माझा अनुभव

निळ्या-सोनेरी टीशर्टमधले माझे फोटो बघून नाशिकच्या मैत्रिणींपासून ते मावशीपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, तू फ्रॅटर्निटीत कशी, ती तर मुलांची असते ना, आणि तिथे पार्ट्या आणि रॅगिंगच चालतं ना. प्रत्येकीला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वर्षी जी मुलं-मुली इकडे बॅचलर्सला येणार आहेत त्यांनाही उपयोग होईल.

इथे विद्यार्थ्यांच्या ग्रीक अक्षरांच्या नावाच्या संस्थांची, म्हणजे फ्रॅटर्निटींची, परंपरा फार जुनी आहे, पहिली फाय बीटा कप्पा १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली. पण सगळ्या एका प्रकारच्या नसतात. मोठ्या घरात एकत्र राहणाऱ्या, ज्या सिनेमात दिसतात त्या सोशल फ्रॅटर्निटी. काही प्रोफेशनल असतात, काही ऑनर्सवाल्या, आणि अल्फा फाय ओमेगा, ज्याला सगळे एपीओ म्हणतात, ती सर्व्हिस फ्रॅटर्निटी आहे, म्हणजे सेवेसाठीच काढलेली. १६ डिसेंबर १९२५ ला पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात फ्रँक रीड हॉर्टन नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती स्थापन केली, स्काउटिंगची मूल्यं कॉलेजच्या वयातही टिकावीत म्हणून. लीडरशिप, फ्रेंडशिप, सर्व्हिस ही तीन तत्त्वं. १९७६ पासून मुलींनाही अधिकृतपणे सभासद होता येतं आणि आमच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीतल्या शाखेत, तर आता मुलीच जास्त आहेत. संस्थेचं धोरणच असं आहे की चॅप्टरचं राहण्याचं घर नसतं, त्यामुळे मीटिंग युनिव्हर्सिटीच्या एका लेक्चर हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी होते, आम्ही राहतो आपापल्या हॉस्टेलला नाहीतर भाड्याच्या खोल्यांमध्ये.

मी इंडियानातल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. पहिलं वर्ष नुसतं क्लास, मेस, लायब्ररी आणि खोली यातच गेलं, आणि मला माणसांत राहायची, कामात हात घालायची सवय. शाळेत स्काउट गाइडच्या खऱ्या कमाईला भेळेचा स्टॉल लावलेला, ज्युनिअर कॉलेजला एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर केलेलं, गावात शोषखड्डे खणलेले, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलेलो. त्या सगळ्याची फार आठवण यायची. म्हणून सेकंड इयरला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, क्लब फेअरमध्ये एपीओचं टेबल दिसलं आणि तिथल्या मुलीने काय काय कामं करतात ते सांगितलं तेव्हा मी तिथल्या तिथे नाव लिहून दिलं.

घरी सांगितल्यावर आई एकदम म्हणाली, अगं ते सीनियर्स छळतात त्यातलंच ना, काही गरज नाहीये. तिची भीती चुकीची नव्हती, इथे हेझिंग म्हणतात त्याला, म्हणजे आपलं रॅगिंगच, आणि त्यात मुलं मेलेली आहेत, खोटं नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच झाला, इथे देशपातळीवरचा स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट डिसेंबर २०२४ ला झाला, त्याने कॉलेजांना कुठल्या संस्थेवर काय कारवाई झाली हे जाहीर करावं लागतं. बाबांनी शांतपणे सांगितलं की आधी नियम विचार, मग ठरव. मी सुरुवातीच्या कार्यक्रमांच्या, म्हणजे रशच्या, पहिल्याच मीटिंगला हात वर करून विचारलं की प्लेजना, म्हणजे सभासद होण्याआधीच्या उमेदवारांना, काय काय करावं लागतं आणि नाही म्हटलं तर काय होतं. प्लेज ट्रेनर होती तिने सगळ्यांसमोर नीट उत्तर दिलं, कुठलीही गोष्ट करायची नसेल तर कारण न सांगता नाही म्हणता येतं, आणि कोणी जबरदस्ती केली तर थेट कुणाकडे जायचं त्या ऑफिसचा नंबर तिने फळ्यावर लिहिला. ते बघून आईलाही मी ठामपणे सांगू शकले.

तर रश म्हणजे सेमिस्टरच्या सुरुवातीचे ओळखीचे कार्यक्रम, एखादा गेम नाइट, एखादं छोटं सेवेचं काम, जेवण. मग प्लेज सेरेमनी, त्यात छोटी पिन देतात ती शर्टला लावायची. आमचा प्लेज क्लास, म्हणजे एकत्र आलेल्या प्लेजची तुकडी, मोठी होती, नर्सिंगचे, शेतकीचे, इंजिनिअरिंगचे, एक मुलगा तर पीएचडीला जायच्या तयारीत असलेला गणितवाला. प्रत्येकाला एक बिग मिळतो किंवा मिळते, म्हणजे मार्गदर्शन करणारा सीनियर. माझी बिग अशी मिळाली की तिच्यामुळे मी टिकले असं म्हणायला हरकत नाही, मिडटर्मच्या आठवड्यात ती रात्री लायब्ररीत माझ्या शेजारी स्वतःचं काम घेऊन बसायची, बोलायची पण नाही फार, नुसती असायची.

पुढचे काही आठवडे काय असतं तर ठरलेले सेवेचे तास, ते प्रत्येक चॅप्टर स्वतः ठरवतो, मग सभासदांच्या मुलाखती, एक लेखी परीक्षा आणि क्लासने मिळून उभा केलेला एक प्रकल्प. मुलाखती म्हणजे आपणच जुन्या सभासदांना वेळ मागायची, कॉफी प्यायची, बोलायचं आणि वहीत सही घ्यायची. मला हा भाग सगळ्यात आवडला. इंग्लिशमध्ये सलग बोलायची भीती माझी इथेच गेली, कारण समोरच्याला तुम्हाला नापास करायचं नसतं, त्याला खरंच तुम्ही कोण ते ऐकायचं असतं. एकीने मला नाशिकची द्राक्षं, गोदावरी, कुंभमेळा सगळं विचारून घेतलं आणि मग स्वतःच्या आजोबांच्या मक्याच्या शेतीचं सांगत बसली, दोन तास कसे गेले कळलं नाही.

परीक्षेला संस्थेचा इतिहास, ग्रीक वर्णमाला, तत्त्वं, सेवेची चार क्षेत्रं म्हणजे संस्था, कॅम्पस, समाज आणि देश. इतिहासात एच. रो बार्टल नावाचे एक गृहस्थ आहेत, १९३१ ते १९४६ ते राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि संस्था देशभर पसरली ती त्यांच्या काळात. पुढे ते कॅन्सस सिटीचे महापौर झाले, लोक त्यांना चीफ म्हणायचे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचं चीफ्स हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. माझ्या रूममेटला फुटबॉलचं वेड, तिलाही हे माहीत नव्हतं.

आता प्रकल्प. आम्ही ब्लड ड्राइव्ह घेतला, रेड क्रॉसबरोबर. मला वाटलेलं की गणेशोत्सवात मंडळाचं रक्तदान शिबिर असतं तसंच असेल, बाबा दरवर्षी देतात, मी लहानपणापासून बघितलेलं. पण तयारीची पद्धत पूर्ण वेगळी. आधी हॉल बुक करा, त्यात पुरेसे प्लग पॉइंट आणि खाटा ठेवायला जागा आहे का बघा, मग दर काही मिनिटांचे स्लॉट भरा. नुसतं पोस्टर लावून स्लॉट भरत नाहीत हे पहिल्याच आठवड्यात कळलं. मग आम्ही वाटून घेतलं, प्रत्येकाने आपल्या क्लासमध्ये, लॅबमध्ये, चर्चमध्ये, क्रिकेटच्या ग्रुपमध्ये (हो, इथे देसी मुलांचा आहे) जाऊन समोरासमोर विचारायचं. समोर उभं राहून विचारलं की माणूस हो म्हणतो, किंवा निदान खरं कारण सांगतो, आणि बहुतेकांचं कारण सुईची भीती एवढंच असतं.

मला स्वतःला मात्र रक्त देता आलं नाही. इथला नियम असा की मलेरियाचा धोका असलेल्या देशात सलग ५ वर्षं किंवा जास्त राहिलेल्या माणसाने तिथून आल्यावर ३ वर्षं थांबायचं, आणि मध्ये घरी जाऊन आलं की तो हिशोब बदलतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे तिथे रांगेत उभं राहिल्यावर कळतं आणि वाईट वाटतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. भारतात असताना मी १८ ची नव्हते म्हणून दिलं नाही आणि इथे हे, खूप जीवाला लागलं माझ्या. पण मग मी कँटीनचं टेबल घेतलं, म्हणजे रक्त दिल्यावर माणसाला १०-१५ मिनिटं बसवतात, ज्यूस, बिस्किटं, खारे प्रेट्झेल देतात आणि लक्ष ठेवतात. दुपारी एक उंच धिप्पाड मुलगा आला, हसत होता, आणि बोलता बोलता त्याचे ओठ पांढरे पडले. नर्सिंगवाली आमची एक प्लेज शेजारीच होती, तिने त्याला तिथल्या तिथे आडवं केलं, पाय खुर्चीवर उचलून ठेवले, मी रेड क्रॉसच्या स्टाफला हाक मारली, दोन मिनिटांत तो डोळे उघडून सॉरी सॉरी म्हणायला लागला. संध्याकाळपर्यंत बसून राहिला बिचारा, आणि पुढच्या वेळी परत येतो म्हणाला. इथे ५६ दिवसांनी परत देता येतं, आपल्याकडे पुरुषांना ३ महिने आणि बायकांना ४ महिने थांबायला सांगतात. त्या दिवशी ठरवलेल्यापेक्षा जास्त पिशव्या जमल्या आणि चॅप्टरच्या मीटिंगमध्ये आमच्या क्लाससाठी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्याचा अभिमान आहे मला, लपवत नाही.

पण मला विचारलं की या सेमिस्टरमधलं सगळ्यात मोठं काम कुठलं तर मी फूड पँट्री सांगेन. कॅम्पसवर एक पँट्री आहे, विद्यार्थी आयडी दाखवून किराणा फुकट नेऊ शकतात, आमचा चॅप्टर तिथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शेल्फ लावतो, तारखा तपासतो, पिशव्या भरतो. सप्टेंबरमध्ये निवांत असायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारचं शटडाऊन सुरू झालं, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने बरंचसं सरकारी कामकाज थांबलं, आणि नोव्हेंबरला स्नॅपचे पैसे अडकले. स्नॅप म्हणजे किराण्यासाठी सरकारकडून मिळणारी मदत, कार्डावर जमा होते, देशात ४ कोटींहून जास्त लोक त्यावर आहेत. अमेरिकेत अशी वेळ येते हे मी कधी कल्पनेतही आणलं नव्हतं. रांग दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये गेली. विद्यार्थी होते, कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी होती, ती दिवसा शिकते आणि रात्री काम करते, आणि माझ्याच फिजिक्सच्या क्लासमधला एक मुलगा होता जो रोज माझ्या पुढच्या बाकावर बसतो. मी त्याला फक्त हाय म्हटलं आणि तांदूळ कुठला हवा विचारलं, कारण ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलेलं, समोरचा दुकानात आलाय असं वागायचं, कारण विचारायचं नाही, पिशवीत काय भरायचं ते त्याने ठरवायचं.

शेल्फ रिकामे व्हायला लागल्यावर चॅप्टरने तातडीची मीटिंग घेतली आणि सोशल इव्हेंटचे पैसे किराण्याकडे वळवायचा ठराव कुणीही विरोध न करता पास झाला. त्यानंतर रोज कोणीतरी गाडी घेऊन जायचं, डबाबंद बीन्स, पीनट बटर, पास्ता, लहान मुलांचे डायपर. मी आमच्या इंडियन स्टुडंट्सच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर पोरांनी तूरडाळ आणि बासमतीच्या गोण्याच आणून दिल्या. डाळ कशी शिजवायची याची एक पानी चिठ्ठी मी लिहून प्रत्येक पाकिटाला स्टेपल केली, हळद-मीठ-कांदा एवढंच, कुकर नसेल तर किती वेळ उकळायची तेही. नंतर एकजण येऊन विचारून गेला की ती पिवळी डाळ परत कधी येणार.

बाकीची कामं भराभर सांगते. स्काउट मुलांसाठी मेरिट बॅजचा दिवस असतो, ईगल स्काउट, म्हणजे स्काउटमधला सगळ्यात वरचा दर्जा, मिळवायला किमान २१ बॅज लागतात, त्यातल्या फर्स्ट एडच्या वर्गात मी बँडेज बांधायला मदत केली. ओढ्याकाठची साफसफाई, वृद्धाश्रमात बिंगो, आणि नोव्हेंबरमध्ये संस्थेचा राष्ट्रीय सेवा सप्ताह. वसंतात रिले फॉर लाइफ असतं, कॅन्सरसाठी निधी, लोक आळीपाळीने रात्रभर ट्रॅकवर चालतात, १९८५ ला गॉर्डी क्लॅट नावाच्या डॉक्टरांनी टकोमा शहरात एकट्याने २४ तास ट्रॅकवर फेऱ्या मारल्या त्यातून ते सुरू झालं. आमच्या चॅप्टरला या वर्षी युनिव्हर्सिटीकडून सर्व्हिसचं बक्षीसही मिळालं, त्याच्या फोटोत मी मागच्या रांगेत डावीकडे आहे.

दीक्षाविधी, म्हणजे इनिशिएशन, फायनल्सच्या आधी झालं. त्यातलं काही सांगणार नाही, कारण न सांगण्याचं वचन दिलंय आणि ते मी पाळणार, पण आई, तुझ्यासाठी लिहिते, त्यात घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. आणि आमचा क्लास शंभराव्या वर्षातला! १६ डिसेंबरला संस्थेला १०० वर्षं पूर्ण झाली.

आता जे जॉइन करायचा विचार करतायत त्यांच्यासाठी. रश साधारण ऑगस्ट-सप्टेंबर आणि परत जानेवारीत असतं, त्यामुळे फॉल, म्हणजे ऑगस्टचं सेमिस्टर, हुकलं तरी काही बिघडत नाही. जाण्याआधी युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर त्या संस्थेचा हेझिंगचा रेकॉर्ड बघाच. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, समाजसेवी संस्थांमध्ये विनामोबदला काम चालतं, पण जे काम एरवी पगारी असतं ते फुकट करायला गेलात तर अडचण होऊ शकते, शंका आली की इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. तास शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, सगळे तेव्हाच धावतात आणि शिफ्ट मिळत नाहीत. आणि फी असते, प्लेजची वेगळी आणि नंतर दर सेमिस्टरची वेगळी, रुपयांत मोजली तर डोळ्यांवर येते. ट्रेझररला स्पष्ट सांगा, लाजू नका, आमच्याकडे हप्ते करून देतात आणि ते कुणाला कळतही नाही.