गोरिलांकडे जाताना सर्दी चालत नाही

परमिट हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते. माउंटन गोरिला जगातल्या कुठल्याच प्राणीसंग्रहालयात नाहीत. त्यांना पाहायचं तर युगांडा, रवांडा किंवा काँगोच्या डोंगरातच जावं लागतं. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच आणि जास्तीत जास्त 8 माणसांनी भेटायचं, तेही तासभर. त्यामुळे आधी परमिटची तारीख ठरते, मग बाकीचं सगळं.

रवांडाचं परमिट 1,500 डॉलरचं, युगांडाचं 800 डॉलरचं, म्हणजे माणशी जवळजवळ 70,000 रुपये. आम्ही दोघं. तीन वर्षं पैसे बाजूला टाकले आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल निवडलं. पावसाळे टाळायचे म्हणून जुलै. आपल्याकडे धो धो कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडे दिवस असतात.

पहिला घोळ मुक्कामाचा झाला. ब्विंडीत शिरायच्या चार बाजू आहेत: बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट त्यातल्या एकाच बाजूचं असतं. आमच्या एजंटने परमिट काढलं रुशागाचं आणि खोली घेतली बुहोमाला. नकाशावर दोन्ही ठिकाणं एकाच हिरव्या ठिपक्यात दिसतात, पण मध्ये जंगल आहे आणि रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. सकाळी आठच्या सुमारास गेटवर हजर राहायचं असतं. मी सहज नकाशा मोठा करून पाहिला म्हणून हे वेळेत लक्षात आलं आणि खोली बदलून घेतली.

दुसरी महत्त्वाची गोष्ट पीतज्वराची लस. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, तीही ठरलेल्या वारी. पिवळं कार्ड दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जालाही ते जोडावं लागलं. परत येताना भारतात उतरल्यावर ते दाखवता आलं नाही तर सहा दिवस वेगळं ठेवतात, म्हणून कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा. ह्यांचं वय 62. साठीनंतर ही लस जपून देतात, त्यामुळे आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं. मलेरियाच्या गोळ्याही त्यांनीच लिहून दिल्या.

मार्चपासून दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. जूनमधल्या चिखलातले दोन रविवार सगळ्यात जास्त उपयोगी पडले.

एंटेबीच्या विमानतळावरून ब्विंडीपर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस मोडतो. वाटेत विषुववृत्त लागतं. रस्त्याच्या कडेला तव्यावर भाजलेल्या चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला तिथे रोलेक्स म्हणतात. शब्दही चपातीच. आपल्या लोकांबरोबर तिकडे गेलेली ती चपाती आता त्यांच्या घरची झाली आहे. मी दोन खाल्ल्या.

त्याच संध्याकाळी ह्यांना शिंका सुरू झाल्या. रात्री घसा धरला.

गोरिला आपल्या इतके जवळचे आहेत की आपली साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतू शकते. 1996 मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबात खरूज पसरली आणि एक पिल्लू दगावलं. ती आसपासच्या माणसांकडून आली असावी, असं पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांच्या तपासातून पुढे आलं. त्यानंतर त्यांनी जनावरांबरोबर गावकऱ्यांच्या आरोग्याचंही काम उभं केलं. हे सगळं ह्यांनीच मला घरी वाचून दाखवलं होतं. शेवटच्या मोजणीत जगात सगळे मिळून 1,063 माउंटन गोरिला भरले. आपल्या एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात.

सकाळी मी म्हटलं, "अहो, मास्क तर लावायचाच आहे. बघू या का?" ह्यांनी मान हलवली. "नको. तू जा. मी इथेच थांबतो." गाईडला त्यांनी स्वतःच सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यांचंच बरोबर होतं.

पिशवी हलकी असली तरी पोर्टर घ्याच. 1991 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आसपासच्या लोकांचं जंगलात जाणं-येणं तुटलं. जंगलातच राहणाऱ्या बाट्वा आदिवासींचं तर घरच गेलं. पोर्टरच्या मजुरीतून निदान काही पैसा थेट गावात पोचतो. माझ्याबरोबरच्या मुलीने चढावर हात दिला नसता तर मी दोनदा तरी घसरले असते. मोजे पँटवर चढवा आणि बागकामाचे हातमोजे न्या. तिथली खाजरी झुडपं कापडातूनही झोंबतात.

माग काढणारे पहाटेच पुढे गेले होते. आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून ते माग धरतात, कारण गोरिला रोज नवं घरटं करतात. अडीच तासांनी गाईड थांबला. आधी वास आला, घामासारखा उग्र. मग काड्या मोडल्याचा आवाज. पाठीवर रुपेरी केस असलेला नर पानांत बसला होता. त्याने एक दांडा उपटला, दातांनी साल सोलली आणि आतला गर चावू लागला. अगदी आपण ऊस खातो तसा. सोललेली साल बाजूला टाकायची, पुढचा दांडा ओढायचा. गाईडने घसा खाकरल्यासारखा खोल आवाज काढला, त्याने तसाच दिला. मादीच्या पाठीवरचं पिल्लू आमच्याकडे बघत राहिलं. तो तास कसा संपला कळलंच नाही.

हे व्हरांड्यात गरम पाणी पीत बसले होते. मी फोटो न दाखवता आधी उसाचं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

पुढच्या जुलैसाठी एका परमिटची चौकशी केली आहे. मीही जाणार, पण व्हरांड्यापर्यंतच.