शेततळ्यातलं शेवाळ आणि "उद्या गाडी येतेय"

आमचं शेततळं सिन्नर तालुक्यात, ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिक कागद टाकलेलं. ऊन तापायला लागलं की पाणी हिरवंगार, आणि डाळिंबाच्या ठिबकचा फिल्टर दिवसातून दोनदा उघडून धुवायचा. दुकानदार म्हणाला, मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका. तळ्यात रोहू-कटला सोडलेत. माप जरा चुकलं की मासे उलटे तरंगणार. नकोच ते.

इंग्लंडात यासाठी जवाचं काड (दाणे काढल्यावर उरलेले लांब कोरडे देठ) पाण्यात सोडतात. ते हवेशीर पाण्यात कुजताना जी द्रव्यं सुटतात, त्यांनी नवं शेवाळ धरत नाही. आहे ते मरत नाही, म्हणून आधी जाळीनं काढून घ्या. (मी घेतलं नव्हतं.) माप दर चौरस मीटर पाण्याला १० ते २५ ग्रॅम, म्हणजे माझ्या ९०० चौरस मीटरला फार तर साडेबावीस किलो.

या साडेबावीस किलोंनी माझे तीन आठवडे खाल्ले. आमच्याकडे जव पेरतं कोण? एका चारा व्यापाऱ्याला आगाऊ पैसे दिले. "भाऊ, राजस्थानचा माल, उद्या गाडी येतेय." सोमवारी उद्या, गुरुवारी उद्या. चार खेपा मारल्या, पेट्रोल माझं. शेवटी दोन गोण्या आल्या, उघडून बघतो तर भुसा! म्हटलं, काड सांगितलं होतं. तर म्हणे, "काडच आहे की, मळणी यंत्रातून आलंय. गुरांना खायला सोपं." गुरांना नाही हो, तळ्यात टाकायचंय म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच गोण्या उचलून निघालो.

रागाच्या भरात तोच भुसा पोत्यात भरून सोडला. दहा दिवसांनी पोतं ओढलं तर आत विटेसारखा घट्ट गोळा, काळा, नाक धरावं असा वास. हवाच शिरली नव्हती, तर काम काय करणार?

मेहुणा इगतपुरीचा. तो म्हणाला, "दाजी, आमचा भाताचा पेंढा टाकून बघा ना." हातानं झोडपलेला, लांबच्या लांब. कांद्याच्या जाळीदार गोण्यांत सैल भरला, प्रत्येकीत दोन रिकाम्या बाटल्या घातल्या म्हणजे गोणी वरच तरंगते, आणि दोरीनं काठाला बांधल्या. तळाशी बसली तर गेलं काम.

दोन आठवडे काहीच नाही. थंडीत याहून जास्त आठवडे लागतात, म्हणून ऊन तापायच्या आधी, संक्रांतीच्या आसपासच सोडा. मग पाणी फिक्या चहासारखं झालं आणि फिल्टर चार दिवसांतून एकदा धुवायची वेळ आली. जवाइतकं चालतं का, माझ्याकडे तुलना नाही, माझं भागलं.

हो, जास्त टाकू नका. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढला जातो, पहाटे मासे वर तोंड काढायला लागले की दोन गोण्या लगेच बाहेर घ्या.

आगाऊ पैशांतले उरलेले अजून त्या व्यापाऱ्याकडेच आहेत. उद्या देतो म्हणालाय.