अंजनेरीचे चार रविवार : काय घातलं, काय भिजलं

या पावसाळ्यात गड एकच, वाट एकच आणि कपडे मात्र दर वेळी वेगळे, असं ठरवलं. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटर, म्हणून अंजनेरी. माथा शहरापेक्षा साधारण ७०० मीटर उंच, म्हणजे चारेक अंशांचा गारवा नुसत्या उंचीचाच. पठारावरचा वारा वेगळा.

पहिला रविवार, आषाढातला. सुती टी-शर्ट, ट्रॅकपँट, वरून जाड रबरी रेनकोट, चेन गळ्यापर्यंत. लेण्यांपाशी पोचलो तेव्हा बाहेरचा एक थेंब आत आला नव्हता, तरी मी आतून ओलाकच्च. सगळा घाम. अंजनीमातेच्या देवळापाशी पंधरा मिनिटं टेकलो आणि हुडहुडी भरली. थर्मासचं झाकण फिरवायला बोटं वळेनात. हे हसण्यावारी नेऊ नका. कुडकुडणं आणि बोटं न वळणं ही शरीर गार पडत चालल्याची पहिली खूण. जीभ जड होऊन बोलणं अडखळायला लागलं, तर पुढे जायचंच नाही. ओले कपडे उतरवायचे, कोरडे चढवायचे, काहीतरी गोड आणि गरम पोटात घालायचं आणि खाली उतरायचं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. सुती टी-शर्ट कोरडा १७० ग्रॅम, भिजवून घट्ट पिळला तरी ३४५. पॉलिस्टरचा कोरडा १३०, पिळून १९०. सुती कापड पाणी पिऊन बसतं आणि ते पाणी वाळतं आपल्याच अंगच्या उबेवर. त्या दिवसापासून सुती बनियनसुद्धा घरीच.

दुसऱ्या रविवारी पॉलिस्टरचा टी-शर्ट, पण रेनकोट तोच. थोडा फरक पडला, फार नाही.

तिसरा रविवार मी विसरणार नाही. पायथ्याशी भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालली होती. डोक्यावरून पाठीवर इरलं घेऊन बायका चिखलात वाकलेल्या, धो धो पाऊस पाठीवरून ओघळून जात होता. इरल्याच्या बांबूच्या सांगाड्यामुळे पानांचं छप्पर अंगाला चिकटत नाही, खालून वारा खेळतो. आमच्या रेनकोटात नेमकं हेच नाही! पुढे वाटेवर एक गुराखी बाबा घोंगडीची खोळ घेऊन उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, चढताना कशाला एवढं घालता? वर गेल्यावर घाला ना."

तिथेच रेनकोट उतरवून सॅकमध्ये कोंबला. पावसात भिजत चढलो, पण चालताना अंग तापलेलं असतं, गारठा जाणवलासुद्धा नाही. पठाराच्या अलीकडे, वारा लागायच्या आधी, आडोशाला थांबलो, ओला टी-शर्ट काढला, कोरडा घातला, त्यावर फ्लीसचं मऊ उबदार जॅकेट आणि मग रेनकोट. दात वाजले नाहीत. बाबांची घोंगडी भिजून जड झाली होती, तरी ते निवांत होते. लोकरीच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते, म्हणून ती ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. फक्त तिचं वजन खांद्यावर घेऊन गड चढायची माझी तयारी नाही.

चौथ्या रविवारी सुरुवातच गार अंगाने केली. एक पॉलिस्टर, वर पातळ विंडचीटर, चेन अर्धी उघडी. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटायला हवं. तेव्हाच उबदार वाटत असेल, तर कपडे जास्त झाले. कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड पिळून बांधलेलं. सॅक कव्हरवर माझा भरवसा नाही, पाठीकडच्या बाजूने पाणी आत जातंच. पिशवी मात्र कोरडी राहिली.

पायांचं म्हणाल तर वॉटरप्रूफ बूट मी सोडले. ओढ्यात घोट्याच्या वर पाणी गेलं की बूट बादलीसारखा भरतो आणि रिकामा होत नाही. जाळीचे बूट, आत लोकरीचे मोजे. पाणी येतं तसं जातं. उतरल्यावर बदलायला कोरडे मोजे गाडीत. तळवे मात्र शेवाळलेल्या कातळावर पकड धरणारे हवेत, तिथे तडजोड नको.

हातांचं अजून जमलेलं नाही. लोकरीचे हातमोजे भिजून घसरतात, रबरी घातले की आत घामाचं तळं. अंजनेरीवर हे चालून जातं. पण यानंतर हरिहर गड आहे, आणि तिथल्या उभ्या पायऱ्यांवर कडेच्या खोबण्यांत बोटं रुतवावी लागतात. बागकामाचे, तळव्याला रबर आणि वरून कापड असलेले हातमोजे आणून ठेवलेत. गर्दी टाळायला जाणार मधल्या वारी. आधी अंजनेरीवर एकदा ते भिजवून बघतो, बोटं वळली तरच हरिहर.